किल्लीवाला व्हायचंय? आधी कानस, मग प्रमाणपत्र

महाराष्ट्रात चावी बनवायला परवाना लागत नाही. किल्लीवाल्यासाठी वेगळा सरकारी परवाना भारतात नाही. त्यामुळे ‘लॉकस्मिथचं लायसन्स काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा. नवख्या माणसाला कामाला येतील असे कागद आहेत, पण ते वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात आणि त्यांचा क्रम चुकला की खेटे वाढतात. मुख्य अडचण अशी की यातलं सर्वांत उपयोगी प्रमाणपत्र, म्हणजे पीएम विश्वकर्मा योजनेतलं, आधीपासून हे काम करणाऱ्यालाच मिळतं. म्हणून हात बसवणं आधी, अर्ज नंतर.

शिकायचं कुठे

आयटीआयमध्ये कुलूप-किल्लीचा स्वतंत्र ट्रेड नाही. सर्वांत जवळचा ट्रेड फिटरचा: दहावीनंतर दोन वर्षं, आणि त्यात कानस चालवणं, ड्रिलिंग, व्हर्नियरने मोजमाप हे सगळं पक्कं होतं. वय कमी असेल आणि घरची निकड नसेल, तर फिटर करून या धंद्यात आलेला माणूस बाकीच्यांच्या बराच पुढे असतो. ज्याला दोन वर्षं काढता येत नाहीत त्याने सरळ उस्तादाकडे बसावं. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत हे काम अजून असंच हस्तांतरित होतं. शिकलगार समाजातल्या अनेक कुटुंबांकडे ते पिढीजात आहे, आणि हाताने चावी घासण्यात त्यांच्याइतका सराव क्वचितच कोणाचा असतो.

उस्ताद निवडताना एकच गोष्ट बघा. गिऱ्हाइकाने ‘घर उघडून द्या’ म्हटल्यावर तो आधी काय विचारतो? ‘कुठे यायचं’ एवढंच विचारून जो पेटी उचलतो, त्याच्याकडे हात शिकाल, पण सवय वाईट लागेल.

तीन दिवसांत ‘मास्टर लॉकस्मिथ’ करून देणाऱ्या खासगी शिबिरांना जायला हरकत नाही, पण ती यंत्र विकण्यासाठी असतात हे धरून चाला. तिथे मिळालेला कागद गिऱ्हाइकाला दाखवायला चालतो. बँक किंवा सरकारी दप्तर त्याला मोजत नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांची सामग्री

चार इंची बाक (बेंच व्हाइस), एक हँड व्हाइस, सहा इंची चपटी सेकंड कट कानस, तिधारी कानस, बारीक नीडल कानशींचा दहा-बारा नगांचा संच, 150 मि.मी. चा व्हर्नियर, चिमटा, सर्क्लिप (स्प्रिंगची छोटी कडी) काढायचा प्लायर, नायलॉनचा ब्रश आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा टाळू नका. पितळेचा बारीक कीस डोळ्यात गेला की तो चोळून निघत नाही.

सरावासाठी भंगारवाल्याकडून जुने सिलिंडर (दाराच्या कुलपातला चावी घालायचा भाग) आणि लिव्हरची (आत एकावर एक पट्ट्या असलेली) कुलपं वजनावर घ्या, आठ-दहा तरी. दरवाजे बदलणाऱ्या सुताराकडे ती ढिगाने असतात. कोऱ्या चाव्या, म्हणजे ब्लँक, किरकोळीत घेऊ नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळीच्या पट्ट्यात, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला, घाऊक मिळतात. सुरुवातीला दोन-तीनच चालू प्रोफाइल (चावीच्या पात्याच्या खाचांचे आकार) घ्या आणि प्रत्येकी पंचवीस-तीस नग. चाळीस प्रकारचे प्रत्येकी दोन घेतले तर बोर्ड भरलेला दिसतो, पण सराव होत नाही.

डुप्लिकेटचं यंत्र या टप्प्यावर घेऊ नका. यंत्राने चावी चुकीची निघाली तर का निघाली हे हाताने घासलेल्यालाच कळतं.

हाताने चावी घासणं

मूळ चावी मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवून दात्यांवर काजळी धरू द्या. मग मूळ चावी आणि ब्लँक एकमेकांना चिकटवून हँड व्हाइसमध्ये पकडा. इथे दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: दोन्हींचा खांदा (जिथे चावी कुलपाला टेकते तो भाग) आणि दोन्हींची पाठ. खांदा अर्धा मिलिमीटर मागे-पुढे राहिला तर सगळे दाते तेवढेच सरकतात. चावी आत जाते, पण फिरत नाही. नवशिक्याच्या पहिल्या दहा चाव्यांपैकी बहुतेक याच कारणाने वाया जातात, आणि तो मात्र खोली चुकली समजून आणखी घासत बसतो.

चपट्या कानशीने आधी ढोबळ माल काढा. काजळीपासून साधारण अर्धा मिलिमीटर लांब असताना थांबून नीडल कानस हातात घ्या. कानस चावीच्या पात्याला अगदी काटकोनात धरायची. मनगट झुकलं की दात्याचा तळ तिरपा होतो, पिन त्या तिरक्या तळाच्या उंच कडेवर बसते आणि वरून मोजलेली खोली बरोबर असूनही कुलूप अडतं. प्रत्येक दरीचा उतार मूळ चावीसारखाच ठेवा. उतार फार उभा झाला तर चावी आत जाते पण बाहेर येताना पिनमध्ये अडकते. कानस मूळ चावीच्या काजळीला नुसती पुसट लागली की थांबायचं. काजळी जाऊन पितळ चमकलं, म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाची मूळ चावीसुद्धा घासलीत.

शेवटी कडांवरची कणी नायलॉन ब्रशने किंवा बारीक कानशीच्या एका हलक्या फटक्याने काढा. कणी राहिली तर ती कुलपात गळते, आणि महिन्याभरात गिऱ्हाईक ‘तुमची चावी लावल्यापासून कुलूप अडकतंय’ म्हणत येतं. त्याचं म्हणणं खरं असतं.

चावी अडली तर जोर लावू नका. पितळेची चावी बहुतेक वेळा सर्वांत खोल दात्यापाशी तुटते, कारण तिथे धातू सर्वांत कमी उरलेला असतो.

डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढायची वेळ आली, तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा की मूळ चावी असेल तर आणा. प्रत्येक नकलेत थोडी चूक भरते आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत चावी ‘हलवून हलवून’ लागायला लागते.

सिलिंडर उघडणं आणि पिना बदलणं

पिन टम्बलर कुलूप समजलं की आजच्या फ्लॅटमधली निम्मी-अधिक कामं समजली. बाहेरचं घर, आत फिरणारा प्लग, प्लगमध्ये पाच किंवा सहा खालच्या पिना, त्यांच्यावर वरच्या पिना, त्यांच्यावर स्प्रिंग. योग्य चावी घातली की प्रत्येक खालच्या पिनेचं वरचं टोक प्लगच्या पृष्ठभागाशी सपाट येतं. त्या रेषेला शिअर लाइन म्हणतात. एकही पिन वर-खाली राहिली तर प्लग फिरत नाही.

सराव असा करा. चावी लावून प्लग दहा-पंधरा अंश फिरवा, मागची सर्क्लिप किंवा स्क्रू काढा आणि फॉलोअर, म्हणजे प्लगच्याच जाडीची दांडी, मागून लावून प्लग पुढे ढकलत बाहेर काढा. सरावाला लाकडी दांडी घासून घेतली तरी चालते, पण तिची जाडी प्लगपेक्षा अगदी किंचितच कमी हवी. दांडी आणि प्लग यांच्यात फट पडली की वरच्या पिना आणि स्प्रिंग उडून टेबलाखाली जातात. म्हणून हे काम कडा असलेल्या ताटात, खाली पांढरं फडकं घालून करतात. प्लग पूर्ण अर्धा वळसा फिरवून काढू नका; काही कुलपांत वरच्या पिना चावीच्या खाचेच्या तळात पडतात आणि प्लग तिथेच अडकून बसतो.

प्लग बाहेर आला की नवी चावी घाला आणि आडव्या नजरेने बघा. जी पिन वर दिसते तिथे छोटी पिन, जी बुडाली तिथे मोठी. पिना संचातून बदला. वर आलेली पिन प्लगसकट कानशीने घासून सपाट करण्याचा शॉर्टकट बाजारात दिसतो. तेव्हा कुलूप लगेच फिरतं, पण प्लगची गोलाई बिघडलेली असते आणि पिनेचं टोक सपाट, धारदार झालेलं असतं, त्यामुळे काही महिन्यांत ते अडायला लागतं. शिवाय सैल झालेलं कुलूप शेजारच्या चावीनेही उघडू शकतं.

लिव्हरच्या कुलपात क्रमच सगळं असतो. झाकण काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्या, मग एकेक लिव्हर उचलून त्याच क्रमाने कागदावर मांडा. दोन लिव्हर उलटसुलट बसले की चावी बरोबर असून कुलूप लागत नाही. दाराच्या जाडीत खोबण करून बसवतात त्या मॉर्टिस लॉकला स्क्रू असतात, त्यामुळे ते उघडता येतं. बरीचशी लिव्हरची टाळी रिव्हेट मारून बंद केलेली असतात. ती उघडून पुन्हा नीट बंद करणं गिऱ्हाइकाला परवडत नाही, नवं घ्यायला सांगा.

यंत्र घेतलं की पहिलं काम

नवं डुप्लिकेट यंत्र दुकानातून आल्या आल्या बरोबर कापेल असं धरू नका. दोन्ही पकडींत एकाच प्रकारचे दोन कोरे ब्लँक लावा, खांदे जुळवा, वीज बंद ठेवून कटर हाताने फिरवा. गाइड, म्हणजे मूळ चावीवरून फिरणारं टोक, एका ब्लँकला नुसता टेकत असताना कटरने दुसऱ्याला नुसतं शिवलं पाहिजे. कटर खोल जात असेल किंवा लागतच नसेल तर गाइडचा स्क्रू फिरवून बरोबर करा. हे दर आठवड्याला आणि कटर बदलल्यावर लगेच. घरगुती कुलपांच्या चाव्यांत दात्याच्या एका खोलीचा पुढच्या खोलीशी फरक मिलिमीटरच्या अर्ध्या-पाव भागाइतकाच असतो. यंत्रातला दोन दशांश मि.मी. चा फरक चावी अडवायला पुरतो. पकडीत अडकलेला कीस हे दुसरं नेहमीचं कारण. प्रत्येक चावीआधी ब्रश मारा.

दारावरची कामं

‘कुलूप बिघडलं’ म्हणून आलेल्या फोनपैकी बरेच कुलपाचे नसतातच. गेल्यावर पहिली चाचणी: दार उघडं ठेवून कुलूप फिरवा. उघड्या दारात बोल्ट, म्हणजे कुलपाची जीभ, सुरळीत आत-बाहेर होत असेल तर कुलूप ठीक आहे. दार खाली उतरलंय किंवा पावसाने फुगलंय, म्हणून बोल्ट चौकटीच्या पट्टीत बसत नाही. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे रोजचं. बोल्टच्या टोकाला खडू लावून दार लोटा. पट्टीवर खूण कुठे उमटते ते बघून पट्टी सरकवा किंवा तिचं भोक कानशीने दोन मिलिमीटर वाढवा. बिजागरीचे स्क्रू ढिले असतील तर आधी ते आवळा. नवं कुलूप विकायचा मोह इथे होतो. पण ते महिन्याभरात तसंच अडेल आणि नाव तुमचं जाईल.

तेलाबद्दल. गिऱ्हाइकाने सिलिंडरमध्ये खोबरेल ओतलेलं असतं, हे गृहीत धरूनच जा. थंडीत ते थिजतं, एरवी धूळ धरून चिकट होतं. प्लग काढून सगळं धुऊन कोरडं करा आणि ग्राफाइटची पूड किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे वापरा. तेल आणि ग्राफाइट एकत्र करू नका, त्याचा लगदा होतो.

तुटलेली चावी आत राहिली असेल तर प्लग चावी बाहेर येते त्याच सरळ जागी आणल्याशिवाय तुकडा निघणार नाही. पिना त्याला धरून ठेवतात. फोनवरच सांगून ठेवा की फेविक्विक लावून ओढू नका. लावलं असेल तर सिलिंडर बदलायच्या तयारीनेच निघा.

सिलिंडर बदलताना माप चुकवू नका. युरो सिलिंडर (दाराच्या आरपार बसणारं) टोकापासून टोकापर्यंत मोजणं पुरेसं नसतं. मधल्या स्क्रूच्या भोकाच्या केंद्रापासून दोन्हीकडची लांबी वेगळी मोजा: 30-30, 30-40, 35-35. दोन्ही 70 मि.मी. चे सिलिंडर, म्हणजे 35-35 आणि 30-40, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाहेरच्या बाजूला सिलिंडर हँडलच्या पट्टीपुढे दोन-तीन मि.मी. पेक्षा जास्त आलं तर ते पकडून तोडणं सोपं होतं. अडकवणारा स्क्रू एम-5 चा असतो. दोन-तीन लांबीचे पेटीत ठेवा.

कोऱ्या दारात मॉर्टिस बसवताना जमिनीपासून साधारण एक मीटर उंची धरतात. खोबण लॉकच्या पेटीपेक्षा एक-दोन मि.मी. च मोठी हवी: ओळीने भोकं पाडून मधलं लाकूड पटाशीने काढा. आरपार भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा, नाहीतर लॅमिनेट टवका उडून फाटतं. पस्तीस मिलिमीटरपेक्षा पातळ दारात जाड पेटीचं लॉक घातलं की दोन्हीकडे पापुद्र्याएवढं लाकूड उरतं. असं काम नाकारा किंवा वरून बसणारं रिम लॉक सुचवा.

आता कागद: पीएम विश्वकर्मा

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात लॉकस्मिथ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2024 मध्ये आपल्याकडे वर्ध्याला झाला होता, त्यामुळे विदर्भात तरी ती माहीत नसलेला कारागीर सापडणं अवघड. किल्लीवाल्यांना मात्र अजूनही ती लोहार-सुतारांची वाटते.

मिळतं काय? ओळखपत्र आणि प्रमाणपत्र. कौशल्याची तपासणी होऊन पाच ते सात दिवसांचं म्हणजे 40 तासांचं मूलभूत प्रशिक्षण, रोजचं ₹500 विद्यावेतन. हत्यारांसाठी ₹15,000 पर्यंतचं ई-व्हाउचर, रोख नव्हे. पुढे इच्छा असेल तर 15 दिवसांचं, 120 तासांचं प्रगत प्रशिक्षण. मूलभूत प्रशिक्षण झालेल्याला तारणाशिवाय ₹1 लाखापर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजाने, 18 महिन्यांत फेडायचं. त्याचा हप्ता साधारण पावणेसहा हजार बसतो. घ्यायच्या आधी महिन्याला तेवढे हप्त्यापुरते सुटतात का, हे आपल्या वहीत बघा. ते नीट फेडलं की ₹2 लाखांपर्यंतचा दुसरा टप्पा, 30 महिन्यांसाठी; त्याला डिजिटल व्यवहार किंवा प्रगत प्रशिक्षणाची अट आहे. म्हणून क्यूआर कोड पहिल्या दिवसापासून लावा.

पात्रता: वय 18 पूर्ण, हाताने आणि हत्याराने स्वतःचा धंदा करणारा, कुटुंबातून एकच जण (नवरा, बायको आणि अविवाहित मुलं म्हणजे एक कुटुंब), घरात सरकारी नोकरी नको. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपी, मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज घेतलेलं नको. मुद्रा आणि स्वनिधी पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. फुटपाथवर बसणाऱ्या अनेकांनी स्वनिधीचे दहा हजार घेतलेले असतात आणि शेवटचे दोन हप्ते राहिलेले असतात. ते आधी भरा आणि बँकेकडून ‘थकबाकी नाही’ असं लेखी घ्या.

अर्ज सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रावर आधार आणि अंगठ्याच्या पडताळणीने होतो. कारागिराला तो मोफत आहे. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड न्या. रेशन कार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार. नव्या नोंदण्या त्या वेळी घेतल्या जात आहेत का हे केंद्रावर आधी विचारून जा, म्हणजे एक हेलपाटा वाचेल.

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. यादीत लोहार, हातोडी व हत्यारं बनवणारा आणि लॉकस्मिथ असे तीन वेगळे व्यवसाय आहेत. घाईत केंद्रवाला ‘लोखंडाचंच काम ना’ म्हणून लोहार टाकतो. मग प्रशिक्षण ऐरणीचं आणि हत्यारंही भट्टीची. सबमिट करण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा.

अर्ज पुढे तीन चाळण्यांतून जातो: गावात ग्रामपंचायत किंवा शहरात नगरपालिका-महापालिका, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. पहिल्याच चाळणीत ‘हा माणूस खरंच चाव्या बनवतो का’ हे बघितलं जातं, आणि पुढे केंद्रावर हातही तपासला जातो. म्हणून आधी काम करा. उस्तादाकडे काम करतानाचे फोटो, बाक आणि हत्यारांचा फोटो, कामाच्या पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवा. हात बसलेला नसताना खोटं लिहून अर्ज करणाऱ्याचं पितळ प्रशिक्षण केंद्रात कानस हातात घेताच उघडं पडतं.

बाकीचे तीन कागद

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, आधार आणि पॅनवर. शेकड्याने रुपये मागणारी, सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं वरच्या जाहिरातींत येतात. पत्त्याच्या शेवटी gov.in ही अक्षरं आहेत का ते बघा. दुकानासाठी गुमास्ता: 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील (2025 च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) तर नोंदणी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपायची. जीएसटी सेवेसाठी वर्षाला ₹20 लाख उलाढालीपर्यंत लागत नाही.

तिसरा कागद पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो सक्तीचा नाही, पण नेहमीची कामं मिळवायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. सोसायट्या, वसतिगृहं, छोटी ऑफिसं नेहमीचं काम देताना तोच मागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेत अर्ज होतो.

आणि रात्री पेटी घेऊन फिरताना हे सगळे कागद जवळ हवेत, त्याचं कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 122: सूर्यास्त ते सूर्योदय यादरम्यान घरफोडीची हत्यारं योग्य कारणाशिवाय जवळ सापडली तर गुन्हा, आणि कारण योग्य होतं हे दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर. तुमची पेटी बघणाऱ्याला ती हत्यारं तशीच दिसतात. रात्रीच्या कामाला निघताना गिऱ्हाइकाचा पत्ता आणि ‘या’ म्हटलेला मेसेज मोबाइलवर असू द्या, तोंडी फोनवर जाऊ नका.

नाही म्हणायची कामं

शंभर पानी नोंदवही पहिल्या दिवशी घ्या. तारीख, वेळ, नाव, मोबाइल, पत्ता, कोणतं ओळखपत्र पाहिलं, काय काम केलं, सही. आधारची झेरॉक्स साठवू नका. पाहायचं आणि शेवटचे चार आकडे लिहायचे. एवढं पुरतं, आणि लोकांची कागदपत्रं तुमच्या दुकानात पडून राहत नाहीत.

घर उघडायचं असेल तर माणूस कोण हे पुरेसं नाही, त्याचा त्या घराशी संबंध काय हे दिसलं पाहिजे. त्या पत्त्याचं ओळखपत्र, लाइट बिल किंवा भाडेकरार. ‘कागद आत आहेत’ हे उत्तर बहुतेकदा खरंच असतं; तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी किंवा वॉचमन आणि एक शेजारी समोर उभा करा, त्यांची नावं लिहा, आणि दार उघडल्यावर कागद बघितल्याशिवाय उंबऱ्यावरून हलू नका.

साबणावर किंवा मेणावर उठवलेल्या ठशावरून, मोबाइलमधल्या फोटोवरून चावी बनवू नका. कारण कितीही गोड असो. बँकेच्या लॉकरला, बँकेने लेखी बोलावल्याशिवाय हात लावू नका. ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बांधलेलं काम आहे आणि ते साक्षीदारांसमोरच होतं.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक घरमालक असतो. भाडेकरू बाहेर गेलाय, भाडं थकलंय, कुलूप बदलून द्या. घर त्याच्या नावावर असतं, कागद चोख असतात, पैसेही तो जास्त देतो. पण ताबा भाडेकरूचा असतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याला असं बाहेर काढता येत नाही. उद्या तक्रार झाली की कुलूप बदलणारा हात तुमचा असतो. नवरा-बायकोच्या भांडणातलं आणि भावाभावांच्या वाटणीतलं कुलूपही याच रांगेतलं. अशा वेळी वाद घालू नका. ‘कोर्टाचा बेलिफ किंवा पोलीस समोर असतील तर येतो’ एवढं सांगून फोन ठेवा.

वर्षभरानंतर

गाड्यांच्या चिपवाल्या चाव्यांत पैसा आहे, पण त्यात धातूचं काम कमी आणि प्रोग्रॅमिंग जास्त. चावीचं पातं कापून दार उघडतं, पण इमोबिलायझरमुळे (चिप ओळखल्याशिवाय इंजिन रोखणारी यंत्रणा) इंजिन सुरू होत नाही. चिप गाडीशी जुळवावी लागते. यंत्रं महाग, आणि दर नव्या मॉडेलबरोबर अद्ययावत करावी लागतात. घरगुती कामावर दुकान चालत असेल तरच, आणि आधी एखाद्या प्रस्थापित दुकानाकडे कमिशनवर काम पाठवून मागणी किती आहे ते बघा. आरसी आणि मालकाचं ओळखपत्र जुळल्याशिवाय गाडीला हात नाही.

डिजिटल लॉकचं काम त्यापेक्षा सोपं आणि वाढतं आहे. येणाऱ्या तक्रारींत बॅटरीची तक्रार सर्वांत नेहमीची. बहुतेकांना चार एए सेल लागतात, आणि सेल उतरले तर बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा टाइप-सी केबल लावायची सोय असते. ती कुठे आहे हे गिऱ्हाइकाला फोनवर सांगता आलं की अर्धी कामं जाग्यावर बसून होतात. जुने-नवे सेल मिसळू नका, रिचार्जेबल घालू नका. त्यांचा व्होल्टेज कमी असल्याने ‘लो बॅटरी’ची सूचना चुकते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी: अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया अशा राज्यांत सरकारी परवाना किंवा नोंदणी लागते, काही राज्यांत काहीच लागत नाही. तिथल्या ‘अलोआ’ या किल्लीवाल्यांच्या संघटनेची परीक्षा देऊन क्रमाने वरच्या दर्जाच्या पदव्या मिळतात. त्या कौशल्याच्या आहेत, राज्याच्या परवान्याची जागा घेत नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारी परवाना नाही, पण मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनची मान्यता गिऱ्हाईक विचारतात, आणि घरांच्या मॉर्टिस लॉकसाठी बीएस 3621 हे मानक विमा कंपन्या बघतात. इथलं विश्वकर्मा प्रमाणपत्र तिथे चालणार नाही. चारित्र्याचा दाखला मात्र पासपोर्ट कार्यालयाकडून वेगळा, परदेशासाठीचा, काढून न्या. दोन्हीकडे पार्श्वभूमीची तपासणी होऊ शकते.